गावाकडच्या भजनी मंडळाचा, फडाचा नाहीतर वाजंत्र्यांचा जुना ग्रुप फोटो कसा वाचायचा

आमच्या आत्याच्या माळ्यावर एक फोटो सापडला. चौदा माणसं, मागे देवळाचा ओटा, पुढे पेटी, पखवाज, टाळ आणि मध्ये खुर्चीवर बसलेले बुवा. फोटोच्या मागे शाईनं तेरा नावं लिहिलेली. माणसं चौदा आणि नावं तेरा. त्या एका माणसामागे मी जवळजवळ दोन वर्षं होतो आणि त्या नादात जुना फोटो कसा वाचायचा हे हळूहळू शिकत गेलो. आता बरेच जण असे फोटो मला दाखवतात आणि पहिला प्रश्न हमखास "हा कधीचा असेल हो?" हाच असतो, म्हणून सगळं सविस्तर लिहून ठेवतोय.

सुरुवात फोटोला हात न लावण्यापासून

म्हणजे पुसू नका, ओल्या फडक्यानं तर अजिबात नको. फ्रेममध्ये काचेला चिकटलेला असेल तर ओढून काढायचा नाही, काचेसकटच स्कॅन करा, कारण वरचा थर काचेला चिकटून राहतो आणि चेहरेच्या चेहरे निघून येतात. लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, मागे बॉलपेनानं लिहिणं नको, लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिलीनं कडेला, हलक्या हातानं. आमचा फोटो मध्ये एकदा फ्रेमिंगला दिला होता तेव्हा त्या दुकानात तो सरळ हार्डबोर्डवर डिंकानं चिकटवला आणि मागच्या नावांतल्या शेवटच्या दोन ओळी कायमच्या गेल्या, त्या तेवढ्या आत्याच्या वहीत उतरवलेल्या होत्या म्हणून वाचल्या.

स्कॅन करताना पुढची आणि मागची दोन्ही बाजू करा, कोरी दिसली तरी. ६०० डीपीआयच्या (स्कॅनच्या बारकाईचं माप) खाली जाऊ नका, पोस्टकार्डापेक्षा लहान फोटो असेल तर १२००. टिफ फाइल ठेवा, जेपीजी फक्त पाठवायला. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ, ऊन थेट न पडणाऱ्या जागी फोटो सपाट ठेवून मोबाइल बरोबर वरून धरून काढा, आणि एक फोटो तिरप्या उजेडात जरूर घ्या. खोलीत अंधार करून टॉर्च फोटोच्या पातळीत बाजूनं धरला की स्टुडिओचा उठावाचा शिक्का, पुसट पेन्सिलीचे दाब, खोडलेली अक्षरं असं बरंच वर येतं.

आणि एक विनंती, फोटो "क्लिअर" करणाऱ्या आणि रंग भरणाऱ्या ॲपमधून काढलेला फोटो वाचायला घेऊ नका. ती ॲपं चेहरा, दात, बोटं, तारा स्वतःच्या मनानं रचतात. तुम्ही वीणेच्या तारा मोजत बसाल आणि त्या मुळात फोटोत नसतीलच.

मोजा, नंबर द्या, मग बघा

फोटोची एक प्रत मोठी छापून घ्या आणि प्रत्येक डोक्याला नंबर द्या. रांगेप्रमाणे, आपल्या डावीकडून उजवीकडे. अर्धवट कापलेली माणसं, दारातून डोकावणारी, खांबाआडची, मांडीवरची पोरं, सगळ्यांना नंबर. मागे जर "डावीकडून" म्हणून नावं लिहिली असतील तर लगेच विश्वास ठेवू नका, कधीकधी लिहिणाऱ्यानं बसलेल्यांची डावी बाजू धरलेली असते. खात्रीनं ओळखता येणारा एखादा चेहरा मध्यापासून लांबचा निवडा आणि यादी दोन्ही बाजूंनी लावून बघा.

यानंतर फोटो उलटा तर छापला नाही ना हे तपासा. निगेटिव्ह पालथी पडली की डावं उजवं बदलतं आणि मग वाद्यांबद्दलचा सगळा अंदाज चुकतो. पाटीवरची अक्षरं असतील तर प्रश्नच नाही, नसतील तर कोटाचा वरचा खिसा बघा, तो घालणाऱ्याच्या डाव्या छातीवर असतो, पुरुषांच्या शर्टाची बटणं घालणाऱ्याच्या उजव्या बाजूला असतात. एकट्याचंच उलटं दिसलं तर तो डावखुरा असेल, सगळ्यांचंच उलटं असेल तर फोटोच उलटा आहे. ही तपासणी मला वाटली त्यापेक्षा खूप कामाची निघाली, ते पुढे येईलच.

कागद, शिक्का आणि तारीख

तारीख काढताना एकच वर्ष शोधायला जाऊ नका. "याच्या आधीचा नाही" आणि "याच्या नंतरचा नाही" अशा दोन भिंती उभ्या करा आणि त्या एकेका पुराव्यानं जवळ आणत जा.

फोटोचा कागद अगदी पातळ, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, पांढरा भाग पिवळट आणि सगळा रंग तपकिरी असेल तर तो अंड्यातल्या पांढऱ्या भागावर केलेला, म्हणजे अल्ब्युमेन प्रिंट असू शकतो, ते साधारण १८९० च्या दशकापर्यंत चाललं. गावाकडच्या मंडळांचे बहुतेक फोटो मात्र त्यानंतरचे, जिलेटिनच्या ब्लॅक अँड व्हाइट कागदावरचे सापडतात. या कागदाच्या काळ्या भागांवर, विशेषतः कडांना, निळसर चंदेरी झाक येते, आरसा धरल्यासारखी, ती चांदी वर आल्याची खूण. कागदाची पाठ प्लास्टिकसारखी गुळगुळीत असेल तर तो प्रिंट १९७० च्या आसपासचा किंवा नंतरचा. नोटा तपासायचा जांभळा टॉर्च असतो तो अंधारात फोटोच्या कोऱ्या कडेवर मारा, कडा निळी पांढरी चमकली तर कागद १९५० च्या दशकातला किंवा त्यापुढचा, कारण तसं चमक देणारं रसायन त्या आधी फोटोच्या कागदात नव्हतं. चमकली नाही म्हणून जुना असं मात्र होत नाही.

इथे घोटाळा असा होतो की प्रिंट नवा आणि फोटो जुना असू शकतो. फोटोचा फोटो काढून वाटलेल्या प्रती घरोघर आहेत. कडेला मूळ फोटोची किनार, टाचणीची भोकं, घड्यांच्या रेषा छापलेल्या दिसल्या, पण बोटाला काहीच लागत नाही, तर तुमच्या हातात नक्कल आहे, आणि मूळ कुणाकडे तरी असू शकतं.

शिक्क्यावरचा पत्ता तर सोनंच. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. "कुलाबा जिल्हा" लिहिलं असेल तर १९८१ च्या आधीचा, कारण त्या वर्षी रायगड झालं. सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे १ मे १९८१ चे, लातूर १९८२ चा. किंमत आण्यात लिहिली असेल तर बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीची, तेव्हा नवे पैसे आले, पण लोक बोलताना लिहिताना आणे पुढेही वापरत होते. आमच्या फोटोवर "जि. दक्षिण सातारा" असा शिक्का आहे. आजचा सांगली जिल्हा १ ऑगस्ट १९४९ ला दक्षिण सातारा म्हणून झाला आणि २१ नोव्हेंबर १९६० ला त्याचं नाव सांगली झालं. एका शिक्क्यानं अकरा वर्षांची चौकट मिळाली. जुना रबरी शिक्का एखाद्यानं आणखी चार वर्षं वापरला असेल ही शक्यता धरून पलीकडची भिंत थोडी सैल ठेवायची.

फोटोच्या मागे शके लिहिलं असेल तर ७८ मिळवतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण वर्ष गुढीपाडव्याला सुरू होतं हे विसरतात. आमच्या फोटोमागे "तुकाराम बीज, शके १८७६" आहे. घरात सगळे १९५४ म्हणायचे. पण तुकाराम बीज फाल्गुन वद्य द्वितीयेला, म्हणजे शक वर्षाच्या अगदी शेवटाला, त्यामुळे तो मार्च १९५५ होतो. इंग्रजी वर्षाचे पहिले महिने आले की ७९ मिळवा. मराठवाड्यातल्या जुन्या फोटोंवर फसली साल सापडतं, निजामाच्या राज्यात ते चालायचं, त्यात साधारण ५९० मिळवायचे.

मंडळाच्या पाटीवर "स्थापना" म्हणून साल असतं ते फोटोचं साल धरू नका. चूक साधी आहे पण फार जण करतात.

वाद्यं बघताना

आधी मंडळी कोणती ते ठरवा. वीणा गळ्यात, टाळ, पखवाज, कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ, एखादी पताका, हे वारकरी भजन. विणेकरी बहुतेक उभा असतो. पेटी आणि तबला पुढे मांडलेला असेल तर "संगीत भजन" म्हणतात ते असू शकतं, पण दोन्हींची सरमिसळ भरपूर आहे. पेटी दिसली म्हणून फोटो नवा ठरत नाही, हातपेटी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीच आपल्याकडे रुळली होती. ढोलकी, हलगी, तुणतुणं, झांज असेल तर तमाशाचा फड. डफ आणि तुणतुणं आणि मध्ये फेटेवाला एकटा उभा तर शाहीर. कमरेला बांधलेलं संबळ, हातात दिवटी म्हणजे गोंधळी. हलगी, घुमकं, कैताळ हा ताफा पश्चिम महाराष्ट्रात मिरवणुकीला, कुस्तीच्या फडाला. मोठे ढोल आणि फेटेवाल्यांची गोल रांग दिसली तर धनगरांचं गजीनृत्य असेल. वाळलेल्या भोपळ्याचा लांब तारपा दिसला की वारली वस्ती, पालघर, डहाणू, जव्हार तो भाग.

तुणतुणं आणि एकतारी यात फार गल्लत होते. एकतारीला खाली भोपळा आणि मधून दांडी जाते. तुणतुण्याला लाकडाचं किंवा पितळेचं नळकांडं, बाजूला काठी आणि तार आतून वर ताणलेली. तुणतुणंवाला फडात मागे उभा राहून झील, म्हणजे गाण्याला मागची साथ, धरतो, म्हणून तो फोटोतही बहुतेक मागेच.

लुगडं नेसलेली व्यक्ती दिसली की लगेच बाई धरू नका. दशावतारात, सोंगी भारुडात, जुन्या तमाशात स्त्रीभूमिका पुरुषच करायचे. पाय, मनगटं, उभं राहायची ढब बघा आणि तरीही कळलं नाही तर प्रश्नचिन्ह ठेवा.

सगळ्यांनी एकसारखे पांढरे सदरे, गांधी टोप्या घातल्या असतील आणि झेंडा किंवा फलक असेल तर चळवळीचं पथक असू शकतं. सत्यशोधक जलसे, १९३० च्या दशकातले भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे, अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकरांचं १९४० च्या दशकातलं लाल बावटा कलापथक, संयुक्त महाराष्ट्राच्या वेळची शाहिरी पथकं, आणि या सगळ्यांच्या प्रेरणेनं खेडोपाडी उभी राहिलेली शेकडो छोटी पथकं. त्यांच्या फोटोत वाद्यांपेक्षा फलकावरची अक्षरं जास्त सांगतात, ती झूम करून आधी वाचा. गांधी टोपी १९२० च्या असहकार चळवळीनंतर पसरली, त्यामुळे ती आपली एक भिंत होऊ शकते. बाराबंदी, पागोटं मात्र म्हातारी माणसं नंतरही कितीतरी वर्षं वापरत होती, म्हणून कपड्यांवरून साल काढताना नेहमी गटातल्या सगळ्यात तरुण माणसाकडे बघा, नवी फॅशन आधी त्याच्या अंगावर येते.

रंगांबद्दल एक गोष्ट. जुन्या प्लेटांना लाल रंग दिसायचा नाही, लाल वस्तू काळी यायची. काळा दिसणारा फेटा लालभडक असेल, कपाळावरचा काळा ठिपका बुक्का असेल किंवा कुंकू. निळं उलट फिकट येतं.

आता हात

माझ्या मते फोटोत सगळ्यात जास्त वेळ हातांवर घालवावा. चेहरे फोटोग्राफरनं सांगितले तसे असतात, ताठ, श्वास रोखलेले. हात मात्र सवयीनं जातात तिथेच जातात. टाळकऱ्यानं टाळाची दोरी बोटाला कशी गुंडाळलीय, पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर आहे की नुसता मांडीवर, हलगीवाल्याच्या एका हातात बारीक लांब काडी आणि दुसऱ्यात आखूड काठी आहे का. वाजवणारा माणूस वाद्य धरतो आणि न वाजवणारा वाद्याला हात लावतो, हा फरक दहा फोटो बघितले की डोळ्याला कळायला लागतो. स्टुडिओत किंवा ओट्यावर फोटो काढताना वाद्यं शोभेसाठी मानाच्या माणसांपुढे ठेवली जायची, त्यामुळे ज्याच्या पुढे वाद्य तो वादक असं समजायचं नाही.

आमच्या फोटोत पखवाज आहे तो खुर्चीशेजारी बसलेल्या एका तरुण मुलापुढे, नंबर ६. घरात सगळे म्हणायचे हा मृदंगवाला, म्हणजे पखवाज वाजवणारा. पखवाजाचं शाईचं, म्हणजे काळ्या गोल लेपाचं, लहान तोंड वाजवणाऱ्याच्या उजव्या हाताला येतं आणि रुंद तोंड, धुमा म्हणतात ते, डाव्या हाताला, त्यावर कणीक लावतात. नंबर ६ पुढचा पखवाज उलटा ठेवलाय, धुमा त्याच्या उजवीकडे. आधी वाटलं फोटोच उलटा छापलाय, पण कोटाचे खिसे, शर्टाची बटणं सगळं बरोबर होतं. धुम्यावर मध्ये पांढरट गोल ठिपका आहे, म्हणजे कणीक लावलेली आहे. ती वाजवायच्या आधी ताजी लावतात आणि वाजवून झालं की खरवडून काढतात, म्हणजे हा फोटो भजनाच्या अगदी आधी नाहीतर मध्येच कधीतरी काढला, नुसता नटून बसून नाही. मग पखवाज खरा लावला कुणी? १२०० डीपीआयला स्कॅन करून एकेकाचे हात बघत गेलो. नंबर ६ चे दोन्ही हात स्वच्छ, मांडीवर. आणि नंबर १४, उभ्या रांगेत अगदी उजव्या टोकाला, अर्धा खांबाआड, ज्याचं नाव मागच्या यादीत नाही, त्याच्या डाव्या हाताच्या बोटांवर आणि तळव्याच्या कडेला वाळलेल्या कणकेचे पांढरे डाग. त्या रात्री मला झोप लागली नाही.

कोण कुठे बसलंय

मध्ये खुर्चीवर बुवा, शेजारी पाटील, सावकार, सप्ताहाचा खर्च केलेली माणसं, पायाशी पोरं, मागे उभे टाळकरी, आणि कडेला किंवा फोटोबाहेरच हलगीवाले, सनईवाले, बत्ती धरणारे. ही मांडणी गावाची उतरंड आहे आणि ती फोटोत जशीच्या तशी उतरते. वाजवण्याची कितीतरी कामं ठराविक जातींकडे होती, गुरव, मातंग, होलार, गोंधळी, आणि ज्यांच्या वाजवण्यावर सगळा कार्यक्रम उभा राहायचा त्यांना चौकटीत जागा मिळेलच असं नव्हतं. म्हणून कडेची, कापलेली, नाव नसलेली माणसं आधी शोधा. पण फोटोवरून कुणाची जात ठरवायला मात्र जाऊ नका, कपड्यांवरून किंवा रंगावरून तर नाहीच, ते त्या घरातल्या लोकांनी सांगितलं तरच लिहायचं.

म्हाताऱ्या माणसांना विचारताना

हे काम आज करा, पुढच्या दिवाळीत नको. मोठी प्रिंट घेऊन जा, मोबाइलवर दाखवू नका, त्यांना स्क्रीन बोटानं सरकवत बसता येत नाही. "हे तात्या ना?" असं विचारलं की उत्तर "हो, तात्याच" येतं, म्हणून बोट ठेवून फक्त "हे कोण?" विचारा आणि गप्प बसा. दोघांना एकत्र बसवून आधी विचारू नका, जो मोठ्यानं बोलतो त्याचं खरं होतं. वेगवेगळं विचारा, मग एकत्र बसवा, तेव्हाचे वादही रेकॉर्ड करा, परवानगी घेऊन. नावानं ओळख पटत नसेल तर "हे काय वाजवायचे, आवाज कसा होता, कुठून यायचे" असं विचारा. आणि घरातल्या बायकांना विचारायला विसरू नका. भजन संपल्यावर चहा कुणी कुणाला दिला, जेवायला कोण राहायचं, कुणाला पंगतीत वेगळं वाढायचे हे त्यांनाच माहीत असतं.

आमच्याकडे तिघा पुरुषांनी नंबर १४ ला "कुणीतरी बघायला आलेला" म्हणून सोडून दिलं. मग मळ्यातल्या आजींकडे गेलो, नव्वदीच्या पुढच्या. त्यांनी चेहऱ्याकडे बघितलंच नाही, फेट्याचा शेमला मागे कसा सोडलाय ते बघून म्हणाल्या, "हा तर आपला मृदंग्या. ओढ्यापलीकडनं यायचा. याला मी दर एकादशीला कणीक मळून द्यायची." मी त्यांना कणकेचं काहीच सांगितलं नव्हतं.

लिहून कसं ठेवायचं

प्रत्येक नंबरासमोर तीन रकाने करा, फोटोत दिसतं ते, कुणी सांगितलं ते (कुणी आणि कधी), आणि आपला अंदाज. हे तीन कधीच एकत्र मिसळू नका, वीस वर्षांनी वाचणाऱ्याला कळलं पाहिजे की "मृदंगवादक" हे दिसलेलं आहे, सांगितलेलं आहे की तुम्हाला वाटलेलं. दोघांनी वेगळी नावं सांगितली तर दोन्ही लिहा. फाइलच्या नावात गाव, साधारण साल आणि पुढची-मागची बाजू टाका. भजनाच्या वह्या, सप्ताहाच्या पत्रिका, स्पर्धेच्या ढाली, देवळातल्या वर्गणीच्या पाट्या, या सगळ्यांचे फोटो त्याच फोल्डरमध्ये ठेवा, नावं जुळवायला त्यांचाच उपयोग होतो. आम्हाला नंबर १४ चं पूर्ण नाव शेवटी ओढ्यापलीकडच्या देवळाच्या जीर्णोद्धाराच्या पाटीवर मिळालं, पाच रुपये वर्गणी दिलेल्यांमध्ये.

त्यांच्या नातवाला मी मोठी प्रत नेऊन दिली. त्यांच्याकडे आजोबांचा एकही फोटो नव्हता. त्यांनी प्रत उंबऱ्याजवळ उजेडात धरली, बराच वेळ बघितली, आणि मग आतून पखवाज आणून दाखवला, पुडी (तोंडावरचं कातडं) फाटलेला, वाद्या (कातडी पट्ट्या) सैल झालेला, पण गट्टे (लाकडी ठोकळे) सगळे जागेवर. त्याचाही फोटो काढला, डाव्या तोंडाचा वेगळा. आता आमच्या यादीत नंबर ६ समोर "पखवाज पुढे ठेवलेला" आणि नंबर १४ समोर "पखवाज" असं लिहिलंय.